माननीय गोलकीपर महोदय

गोल केल्यावर बाकीचे खेळाडू हात पसरून पळतात, गवतावर घसरत जातात, एकमेकांच्या अंगावर उड्या मारतात. मिरेक यातलं काहीच करायचा नाही. चेंडू जाळ्यात गेला की आपल्या हातून कुणाच्या तरी खिडकीची काच फुटल्यासारखा चेहरा करून, खाली मान घालून तो मधल्या रेषेकडे चालू लागायचा. आणि सोमवारी सकाळी त्या गोलकीपरला पोस्टकार्ड पाठवायचा.

ती पोस्टकार्डं मी लिहायचो.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी साउथहॅम्प्टनला हॉस्पिटलच्या रक्ततपासणी विभागात नोकरीला होतो. मिरेक आमचा शेजारी. दोन्ही घरांत एकच भिंत, त्यामुळे तो जिना चढला की आमच्या स्वयंपाकघरातल्या बशा वाजायच्या. झेकोस्लोव्हाकियाचा हा उंच, वाकड्या नाकाचा स्ट्रायकर तेव्हा तिशीत होता. शहराजवळच्या एका छोट्या क्लबनं त्याला घेतलं होतं. तो क्लब किती छोटा, तर वर्तमानपत्रातल्या तक्त्यात त्याचं नाव शोधायला बोट खाली खाली न्यावं लागायचं, आणि कधी कधी बोट पानाबाहेर जायचं.

ओळख झाली ती कुंपणावरून. मी बागेत खुर्ची टाकून घरी पत्र लिहीत होतो. कुंपणावरून एक डोकं वर आलं.

"तू लिहितोस?"

"हो."

"शाळा शिकलास?"

"बी.एस्सी. झालोय." हे सांगताना माझा आवाज थोडा मोठा व्हायचा. आमच्या घराण्यात अंगठ्याऐवजी सही करणाराच मी पहिला, मग पदवीचं काय सांगावं!

"नो यो," मिरेक म्हणाला. हे त्याचं पालुपद. त्याचा अर्थ हो, बरं, असो, काय करणार, यांपैकी काहीही असू शकायचा. "मग तू प्रोफेसर. सोमवारी येतो."

सोमवारी साडेसातला तो बंदरातल्या पांढऱ्या जहाजाचं चित्र असलेलं पोस्टकार्ड घेऊन दारात उभा राहिला. त्याला इंग्रजी बोलता येत होतं, लिहिता येत नव्हतं. तसं पाहिलं तर कुठल्याच परक्या देशाची भाषा त्याला लिहिता आली नव्हती, कारण ती येईपर्यंत क्लब बदललेला असायचा. पण प्रत्येक ठिकाणी त्यानं एक लिहिणारा मात्र शोधला होता. ऑस्ट्रियात बेकरीवाली बाई, बेल्जियममध्ये पाद्री, ग्रीसमध्ये न्हावी, स्कॉटलंडमध्ये लायब्ररीतल्या बाई. त्याची कारकीर्द विचारली, तर तो गोलांची संख्या सांगायचा नाही. म्हणायचा, "न्हाव्याकडे दोन सीझन. न्हाव्याचं अक्षर वाईट, पण मन चांगलं."

आणि आता इंग्लंडात मी.

माझं इंग्रजी मेहकरच्या शाळेतलं. वानखेडे सर सांगायचे, "आधी विषय लिहा. विषय लिहिला की घाबरायचं कारण नाही." पत्राचा मला येणारा नमुना एकच, अर्जाचा. आमच्या वस्तीतल्या अर्ध्या लोकांचे अर्ज मी सातवीपासून लिहीत आलो होतो. तेव्हा मी पेन घेतलं आणि जे येत होतं ते लिहिलं. त्या पहिल्या कार्डाचा मराठी अवतार साधारण असा:

"विषय : आपणावर झालेल्या गोलबाबत. माननीय गोलकीपर महोदय, सविनय निवेदन करतो की, गेल्या शनिवारी त्रेसष्टाव्या मिनिटास मी आपल्या डाव्या बाजूने चेंडू जाळ्यात टाकला. त्या वेळी आपला पाय ओल्या गवतावरून घसरला, हे मी स्वतः पाहिले. सदर घटनेत आपला काहीही दोष नव्हता. तरी कृपया मनास लावून घेऊ नये. आपला आज्ञाधारक, मिरेक, स्ट्रायकर."

मी वाचून दाखवलं. मिरेकनं कार्ड उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाला, "पाद्री इतकं चांगलं लिहीत नव्हता."

तेव्हापासून आमचे सोमवार ठरून गेले. माझी बायको सुनंदा थालीपीठ लावायची. ते त्याला फार आवडायचं. त्याची आई बटाट्याचं असंच काहीतरी करायची म्हणे. पण खाण्याआधी गोल समजावून सांगायचा असे. मिठाची बरणी म्हणजे गोलकीपर, लोणच्याची बाटली म्हणजे तो स्वतः, आणि माझं थालीपीठ म्हणजे समोरच्या संघाचा डावा बचावपटू. हा बचावपटू कसा चुकला हे सांगून होईपर्यंत तो गार व्हायचा.

समोरच्या खोलीत आमची बुद्धमूर्ती होती. मिरेकनं ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा खाली बसून नीट निरखली. "हा गोलकीपर," तो म्हणाला. "इतका शांत माणूस दुसरा कोण असणार?"

कार्डाचा नियम एकच होता: गोलकीपरचा दोष नव्हता हे लिहायचं, आणि का नव्हता तेही लिहायचं. एकदा एका बिचाऱ्याच्या दोन पायांमधून चेंडू अगदी हळूहळू आत गेला. मिरेक बुधवारपर्यंत विचार करत होता.

"लिही, सूर्य डोळ्यांवर आला."

"अरे, मॅच पावसात झाली ना!"

"नो यो. लिही, ढगामागे सूर्य होता."

"मिरेक, हे खोटं आहे."

"ढगामागे सूर्य नसतो? प्रोफेसर, तू बी.एस्सी. ना?"

मी लिहिलं.

गोलकीपर मंडळींनी सुरुवातीला हे फार मनाला लावून घेतलं. एकानं कार्डाचे चार तुकडे पाकिटात घालून परत पाठवले. दुसऱ्यानं उलटटपाली जे लिहिलं, त्यातले दोन शब्द मला डिक्शनरीत सापडले नाहीत. पण हळूहळू हवा बदलली. कुणी कार्ड चौकटीत घालून भिंतीवर लावलं. कुणी मॅचआधी मिरेकला विचारायचा, "माझं कार्ड लवकर येऊ दे हं, मागचं फार उशिरा आलं." प्रेक्षकांनी त्याचं नाव 'पोस्टमन' ठेवलं. त्याच्या पायाशी चेंडू आला की चार-पाच हजार गळे एकदम ओरडायचे, "पोस्ट! पोस्ट!" आणि सोमवारी सुनंदा जिन्याचा आवाज ऐकून म्हणायची, "अहो, उठा. बशा वाजतायत. गोल झाला वाटतं."

ज्या वर्षी क्लब वरच्या विभागात गेला, त्या वर्षी मी इतकी कार्डं लिहिली की हॉस्पिटलातल्या माझ्या अहवालांतही 'सविनय निवेदन' शिरू लागलं. शेवटच्या सामन्यात मिरेकनं दोन गोल केले. लोक मैदानात घुसले, त्याला खांद्यावर घेतलं. वरून तो सगळीकडे मान वळवून बघत होता. मला वाटलं, आता तरी हसेल. तो समोरच्या गोलकीपरला शोधत होता.

हे सगळं कशासाठी, ते मी कधी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, एक चांगल्या मनाचा तऱ्हेवाईक माणूस आहे, झालं.

मग एका हिवाळ्यात टीव्हीवर त्याच्या देशातली गर्दी दिसू लागली. लोक चौकात उभे राहून किल्ल्या वाजवत होते. तिकडचं सरकार गेलं. मिरेक आमच्या सोफ्यावर कोट न काढता बसला होता. जागचा न हलता तो म्हणाला, "पेपिक गोलकीपर होता."

"कोण पेपिक?"

"भाऊ. दोन वर्षांनी लहान."

मग एकेक वाक्य करत सगळं आलं. दोघं भाऊ एकाच संघात. ऑस्ट्रियात स्पर्धा होती, हॉटेलात दोघांची एकच खोली. सकाळी नाश्त्याआधी मिरेक उठला. पेपिकनं पांघरुणातूनच विचारलं, "कुठे?" मिरेक म्हणाला, "आईसाठी पोस्टकार्ड घेऊन येतो."

तो गेला तो गेलाच. देशातून पळालेल्या माणसाला परतीची वाट नव्हती. मागे राहिलेल्या पेपिकची चौकशी झाली. त्याला माहीत होतं, असं सगळेच धरून चालले. त्याला संघातून काढलं आणि कोळशाच्या ट्रकवर कामाला लावलं. मिरेकनं लिहवून पाठवलेली पत्रं पोचली की नाही, कुणास ठाऊक. उत्तर कधीच आलं नाही.

सुनंदा पाणी घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली. "मिरेकभाऊ," ती म्हणाली, "आता पोचेल ना पत्र?"

आता पोचणार होतं. हीच तर अडचण होती. तीन सोमवार मिरेक कोरं कार्ड घेऊन आला आणि कोरंच घेऊन गेला. चौथ्या सोमवारी म्हणाला, "तू लिही."

"अरे, मला तुझी भाषा कुठे येते?"

"इंग्रजीत. आपलं नेहमीचं."

"पेपिकला इंग्रजी येतं?"

"नाही. कुणीतरी वाचून सांगेल. माझ्या भाषेत मला लाज वाटते, प्रोफेसर."

मला ते कळलं. वस्तीतली मोठी मोठी माणसं माझ्यासमोर उकिडवी बसून अर्ज सांगायची. जे त्यांच्या तोंडून सरळ निघत नसे, ते 'सविनय' म्हटलं की निघायचं. अर्जात माणसाला ताठ उभं राहता येतं. मी आधी विषय लिहिला.

"विषय : पोस्टकार्ड आणण्यास झालेल्या विलंबाबाबत. माननीय गोलकीपर महोदय, सविनय निवेदन करतो की, त्या दिवशी सकाळी मी आपणास सांगून पोस्टकार्ड आणण्यासाठी खाली गेलो होतो. ते आणण्यास फार विलंब झाला, याबद्दल मी दिलगीर आहे. ते आता पाठवीत आहे. सदर घटनेत आपला काहीही दोष नव्हता. आपला आज्ञाधारक भाऊ, मिरेक."

खाली मिरेकचा इथला पत्ता लिहिला. 'आज्ञाधारक'नंतरचा शब्द सोडला, तर सारा नमुना वानखेडे सरांचाच.

उत्तर आलं नाही. वसंत गेला, उन्हाळा गेला, आणखी एक सीझन सुरू झाला. मिरेक रोज सकाळी टपालाच्या वेळी दारात उभा राहायचा. गोल करतच होता, कार्डं जातच होती, पण आता लोणच्याची बाटली मिठाच्या बरणीकडे जरा सावकाश जायची. गुडघाही बोलू लागला होता. शेवटी त्यानं खेळ थांबवायचं ठरवलं, आणि क्लबनं मे महिन्यातल्या एका शनिवारी त्याच्यासाठी निरोपाचा सामना ठेवला.

मैदान तुडुंब भरलं होतं. पाहुण्या संघाच्या गोलात उभा होता तो माणूस, ज्याला मी पाच कार्डं लिहिली होती. सामना संपायला थोडा वेळ उरला असताना माझ्या खांद्यावर हात पडला. मागे वळून पाहतो तर सुनंदा. तिनं आयुष्यात कधी फुटबॉलच्या मैदानात पाऊल ठेवलं नव्हतं. तिच्या मागे पोट सुटलेला, रुंद खांद्यांचा एक माणूस, काखेत कापडी पिशवी.

"अहो, हे मिरेकभाऊंची बेल वाजवत उभे होते," ती धापा टाकत म्हणाली. "बोलता काही येत नाही, पण हातात हे होतं. तुमचं अक्षर ओळखलं मी. तसेच बसमध्ये घातले न् आणले."

तिच्या हातात पांढऱ्या जहाजाचं चित्र होतं. कोपरे झिजलेले, मधोमध घडी.

मी त्या माणसाकडे बघितलं. नाक वाकडं होतं.

मी काय केलं, कुणाला काय सांगितलं, ते नीट आठवत नाही. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या प्रशिक्षकापाशी मी ते कार्ड आणि त्या माणसाला घेऊन पोचलो एवढं खरं. तेव्हाच पंचानं, अशा सामन्यात देतात तशी, मिरेकला निरोपाची पेनल्टी दिली. मिरेक पाठमोरा वाकून चेंडू ठेवत होता. प्रशिक्षकानं पाहुण्या गोलकीपरच्या कानात काहीतरी सांगितलं. त्या पाच कार्डांच्या मानकऱ्यानं आपली जर्सी काढली आणि पेपिकला दिली. जर्सी पोटावर अडकली. हातमोजे त्याला नको होते. कापडी पिशवीत त्याचे स्वतःचे होते, जुने, बोटांना शिवण घातलेले.

मिरेक सरळ झाला आणि त्यानं समोर पाहिलं.

दोघांपैकी कुणीच हात हलवला नाही. पेपिक नुसता खांबांच्या मधोमध गेला आणि हात पसरून उभा राहिला. प्रेक्षकांना काही माहीत नव्हतं, तरी 'पोस्ट' म्हणायला कुणी धजेना.

मिरेकनं पेनल्टी चुकवलेली मी कधी पाहिली नव्हती. त्यानं धाव घेतली आणि डावीकडे फटका मारला, जोरात. पेपिकनं कोळशाचं पोतं ट्रकवरून पडावं तसं अंग टाकलं. चेंडू मुठीवर आपटून आडव्या दांडीवरून बाहेर गेला.

आणि मग मिरेक पळत सुटला. हात पसरून, तोंड उघडं टाकून, दुखऱ्या गुडघ्यानं लंगडत त्यानं अख्ख्या मैदानाला फेरी घातली. कोपऱ्यात गवतावर घसरला, उठला, पुन्हा पळाला. इतक्या वर्षांत एकाही गोलानंतर जे केलं नव्हतं, ते सगळं त्यानं त्या न झालेल्या गोलासाठी केलं. शेवटी तो गोलात जाऊन भावाच्या अंगावर पडला, आणि चार-पाच हजार माणसं काय झालं ते न कळताच उभी राहून टाळ्या वाजवू लागली. सुनंदा माझी बाही घट्ट धरून रडत होती. "अहो, गोल नाही झाला, तरी?" ती विचारत होती.

संध्याकाळी मी मिरेकला हळूच विचारलं, "मुद्दाम?"

तो भडकला. "प्रोफेसर, गोलकीपरला मी फुकट काही देत नाही!" मग म्हणाला, "पेपिक काय म्हणाला सांगू? म्हणाला, तू अजून डावीकडेच मारतोस."

सोमवारी साडेसातला दार वाजलं. पेपिक होता, एकटा. हातात पांढऱ्या जहाजाचं कोरं कार्ड. त्यानं भिंतीकडे बोट दाखवलं, मग माझ्या खिशातल्या पेनाकडे. मी टेबलाशी बसलो.

"विषय : आपली पेनल्टी अडविल्याबाबत. माननीय स्ट्रायकर महोदय, सविनय निवेदन करतो की, शनिवारी मी आपला चेंडू अडविला. सदर घटनेत आपला काहीही दोष नव्हता. तरी कृपया मनास लावून घेऊ नये."

मी ते मोठ्यानं वाचलं. एक शब्द कळत नसताना तो मान हलवत ऐकत राहिला, आणि मग जीभ दाताखाली धरून त्यानं खाली आपलं नाव लिहिलं. पत्ता शेजारचाच. तरी तो कोपऱ्यापर्यंत चालत गेला आणि कार्ड लाल पेटीत टाकून आला.

मंगळवारी टपाल आलं. भिंतीपलीकडे दार उघडल्याचं ऐकू आलं. मग दोन माणसांचं एकदम हसणं, आणि जिन्यावर दोघांच्या पायांचा धडधडाट. आमच्या साऱ्या बशा वाजू लागल्या.

"अहो," सुनंदा तव्यावरून नजर न काढता म्हणाली, "गोल झाला वाटतं."