आधी नासकं हुंगायचं

औशात रशीदा आपांकडं लोणचं घ्यायला गेलं, की आधी नासकं हुंगावं लागतं. ओसरीवरच्या फळीवर चार बरण्या आहेत. गिऱ्हाईक आलं की आपा एकेकीचं झाकण उघडून त्याच्या नाकाशी धरतात. "आधी नासकं बघा, मग चांगलं घ्या." एक मास्तर तिसऱ्या बरणीलाच तोंड दाबून पायऱ्या उतरले, ते परत आले नाहीत.

प्रत्येक बरणी एकेका सालची, आणि प्रत्येकीवर चिठ्ठी. 'ओला फडका.' 'गरम तेल.' 'मीठ कमी, घाई लई.' चौथीवर 'किसनशेठचं तेल.'

किसनशेठ म्हणजे मी. सायकलला डबे बांधून खेडोपाडी तेल विकलं, तेव्हा बाजारात दुकान झालं. ते नाव या बाईनं बुरशी आलेल्या बरणीला चिकटवलं.

"चिठ्ठी काढा, आपा. दोन डबे तेल फुकट देतो."

"काढली तर पुढल्या साली मी तीच चूक करीन, शेठ."

"म्हणजे मी चूक?"

"आता ते तुमीच सांगा."

ते तेल आधल्या सालचं होतं, हे मला माहीत होतं. पण डबा उघडल्यावर खवट वास येतोच. तिनं तेव्हाच परत आणायचा होता. असं मी मनाशी म्हणायचो आणि रागानं लाल व्हायचो.

यंदा लातूरच्या एका होस्टेलच्या मेसनं आपांना वीस मोठ्या बरण्या सांगितल्या. "ह्या नासल्या, तर कैऱ्या फोडायचा अडकित्ता मोडीत घालते," आपा म्हणाल्या. आणि तेलाला माझ्याच दुकानात आल्या.

"गावात दुसरे तेलवाले नाहीत का?"

"हायत की. पण तुमची चूक मला ठावं हाय. नव्या माणसाची कुठं शिकत बसू?"

मी ताजं तेल दिलं. स्वतः चाखून दिलं. बरण्या भरून झाल्या. आपा रोज प्रत्येक बरणीला कान लावायच्या. आत फसफस झाली की माल गेला, असं त्यांचं म्हणणं. मी येता-जाता विचारायचो, "एखादी बोलली का?" त्या हातानंच 'गप' म्हणायच्या. वीस बरण्यांवर माझ्या नावाच्या वीस चिठ्ठ्या मला आत्ताच दिसत होत्या.

टेंपो यायच्या दिवशी सकाळीच त्यांचा फोन आला. "शेठ, येऊन जावा."

गेलो. बरण्या ओळीनं मांडलेल्या, एकीचीही सुतळी सुटलेली नव्हती. आपा भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"तुमी उघडा."

मी सुतळी सोडली. फडकं काढलं. वर तेल निवळशंख. हुंगलं. एक फोड तोंडात टाकली. कडक, आंबट, झणझणीत.

"मीठ किंचित कमी वाटतंय," मी सवयीनं म्हणालो.

"शेठ, आज भाव नका पाडू. खरं सांगा."

"चांगलं झालंय, आपा. लई चांगलं. तुम्हीच बघा की चाखून."

त्यांनी फोड घेतली, चावली, आणि माझ्या तोंडाकडंच बघत राहिल्या.

"पाच सालं झाली," त्या म्हणाल्या. "त्या मोठ्या तापात आमचे हे गेले. माझा ताप उतरला, पण वास न्हाई, चव न्हाई. आधी हेच चाखून सांगायचे. आता गिऱ्हाईकाच्या तोंडावरनं वळखते, नासक्याला कसं होतं अन् चांगल्याला कसं."

मला त्यांच्याकडं बघवेना. "मग बोलला का नाहीत कधी?"

"वास येत न्हाई म्हटल्यावर लोणचं कोण घेईल? अन् तेलवाला कसलं तेल देईल?"

दुकान उघडं टाकून आलो होतो, टेंपो यायचा होता. मी मांडी घालून बसलो आणि भीत भीत दुसऱ्या बरणीची सुतळी सोडायला घेतली.