गळका मांडव

शुक्रवार, २ ऑक्टोबर २०२०. काम : शेजाऱ्याच्या मांडवासाठी फांद्या तोडणे.

मांडव गळला नाही तर रागावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. एफ्राइम. किलकेनीच्या बाहेर, आमच्या घरासमोर त्याचं शेत आहे. आज मी छपरावर फांद्या जरा दाट टाकल्या, तर खालून म्हणाला, "मिसेस, चांदण्या दिसायला हव्यात."

"आयर्लंडात?"

"पाऊस दिसला तरी चालेल."

आमच्याकडे मांडव गळला तर मांडववाल्याचा उद्धार होतो.

एफ्राइम मेसियानिक आहे. म्हणजे येशूला मसीहा मानायचं, पण शब्बाथ (शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारभर काम बंद) आणि सण ज्यूंचे पाळायचे. हा मांडव त्यातल्याच सुगीच्या सणाचा, आठवडाभर त्यात जेवायचं आणि छपरातून आकाश दिसायला हवं. गाव त्याला अजून जुन्या नावाने फ्रँक म्हणतं. दुकानातली बाई "फ्रँक, दूध?" विचारते, तर एफ्राइम मागे वळून फ्रँक कुठे आहे ते बघतो.

शेत त्याच्या पंथाच्या मंडळींचं सामाईक. तो इथे राहतो, बाकीची डब्लिनजवळच्या स्वोर्ड्सहून रविवारी येतात, राबतात, जेवतात, गातात. गाणं वाईट, बटाटे उत्तम. बटाट्याची एकेक सरी एकेकाच्या नावाची. ज्याने लावली त्यानेच काढायची आणि या सणाला सगळ्यांनी मांडवात बसून खायची.

यंदा डब्लिनकरांना कोविडमुळे जिल्ह्याबाहेर पडायला बंदी. मी शिडीवर असतानाच एकेकाचे फोन येत होते. हा प्रत्येकाला "ग्रँड, ग्रँड", म्हणजे इकडच्या भाषेत सगळं छान, म्हणून फोन ठेवत होता. मांडव मात्र दरवर्षीएवढाच.

"एवढा मोठा कुणासाठी?" मी विचारलं. "आणि बटाटे? पाला काळा पडलाय, आता कुजतील. मी काढते."

"ती रूथची सरी आहे."

"रूथ स्वोर्ड्समध्ये अडकली आहे. बटाट्यांना कळवलंय का कुणी?"

"वरचा बघून घेईल."

हे त्याचं ठरलेलं उत्तर. पंप बंद पडला, गाय लंगडली, वरचा बघून घेईल. मग वरचा मला मेकॅनिकला फोन करायला लावतो.

सूर्य मावळला तसा त्याचा शब्बाथ लागला आणि सणही. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. लांबलचक टेबलावर त्याने सगळ्यांची ताटं मांडली होती. स्वतः ठेवणीतला कोट घालून फाटकाशी उभा, तोंड डब्लिनच्या रस्त्याकडे. पाऊस आला. ताटांत पाणी साचलं. एफ्राइम परत आला, एकेक ताट उचलून पाणी ओतलं, पुसलं, पुन्हा जागेवर ठेवलं. शेवटच्या ताटापर्यंत पोचला तेव्हा पहिलं भरलं होतं. त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

मला चीड आली. ताटं पालथी घालावीत, विषय संपला. तेवढं सांगायलाच मी गेले. हातात खिचडीचं पातेलं होतं, इतकंच.

"पालथी का नाही घालत?"

"पालथी घातली, तर ते येणार नाहीत असं मीच म्हटल्यासारखं होईल."

"बसू कुठे?" मी विचारलं.

त्याने बराच विचार केला. "रूथच्या जागी बसा. ती रागवायची नाही." मग म्हणाला, "छत्री मिटा, मिसेस."

"का?"

"चांदण्या."

खिचडीची पेज होईपर्यंत आम्ही जेवलो. तो गायला. एकट्याचं गाणं आणखी वाईट. मी मान डोलावली.

शनिवार, ३ ऑक्टोबर. सकाळी मी कुदळ घेऊन फाटकाशी गेले. शब्बाथ त्याचा, माझा नाही. तो मांडवातूनच म्हणाला, "फाटकाच्या आतल्या परक्यालाही आज काम मना आहे. दहा आज्ञांत तसं लिहिलंय."

"आणि बटाटे?"

"उद्या काढू." मग म्हणाला, "रूथची सरी तुम्ही घ्या."

मी कुदळ फाटकाबाहेर टेकवली, आत गेले आणि दुपारपर्यंत काहीही न करता त्याच्याशेजारी बसले.