रवीवरचे व्हॉल्व्ह

दिगंबररावांनी ठरवलं होतं ते एवढंच, की जीपच्या इंजिनातल्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा बदलायच्या. बदलायच्या आणि गप्प बसायचं. पण पेन्शनीत निघालेल्या माणसानं एखादं काम हातात घेतलं, की त्या कामाचेच दिवस फिरतात.

जीप त्यांनी आपल्याच पाटबंधारे खात्याच्या लिलावात घेतली होती. नोकरीभर साहेबलोकांना त्या जीपमधून धुरळा उडवत धरणांवर जाताना पाहिलं होतं, तेव्हा निवृत्तीनंतर थोडा आपणही उडवावा, असं त्यांना वाटलं. (जीपचा दम साहेबलोकांनी आधीच उडवलेला होता.) पहिल्याच सहलीत ताम्हिणीच्या चढावर तिनं मान टाकली. सुहासिनीबाई खाली उतरल्या आणि हातात दगड घेऊन मागून चालू लागल्या. जीप चार हात पुढं गेली की चाकामागं दगड, पुन्हा निघाली की दगड उचलायचा. वर पोचल्यावर त्यांनी दगड रस्त्याकडेला ठेवला, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "ही चढायला शिकली की मला बोलवा."

त्यानंतर काही दिवसांनी लेकीला, शालूला, मुलगा झाला आणि सुहासिनीबाई सव्वा महिन्यासाठी म्हणून तिच्याकडं हिंजवडीला गेल्या. कर्वेनगर आणि हिंजवडी ही दोन्ही ठिकाणं पुण्यातच आहेत, असं नकाशा सांगतो. नकाशाला ट्रॅफिकमधून जावं लागत नाही. सव्वा महिन्याचं अर्धं वर्ष झालं. शेजारच्या हेमाताईंची मुलगी अमेरिकेत असते, पण ती जास्त वेळा येऊन गेली.

घरात दिगंबरराव एकटे. सकाळी खानावळीचा डबा यायचा, संध्याकाळी रिकामा जायचा. घरात दुसरा आवाजच नव्हता. फ्रीज घरघरला तरी ते आतून "काय गं?" म्हणायचे आणि मग स्वतःचीच लाज वाटून टीव्ही लावायचे. संध्याकाळी बायकोचा फोन यायचा. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, ठेवते, बाळ उठलं. बाळ नेमकं त्याच वेळेला उठायचं. आजोबांना त्यानं त्या वयातच ओळखलं होतं.

"घरी ये, मला करमत नाही," असं सरळ म्हणायची सोय त्यांच्याकडं नव्हती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असलं काही बोलण्याची वेळ आली की ते पाणी मागायचे. तेव्हा त्यांनी असा बेत केला, की जीपला चढायला शिकवायचं, थेट शालूच्या बिल्डिंगखाली नेऊन उभी करायची आणि अट पुरी झाली म्हणून बायकोला घरी आणायचं. आणि हे सगळं गुपचूप.

नाना पेठेत हमीदभाईंचं स्पेअरपार्टचं दुकान होतं. स्प्रिंगा ढिल्या पडल्यात म्हणून इंजिन दम धरत नाही, हे त्यांनी मान्य केलं आणि कडक स्प्रिंगा दिल्या. पण कडक स्प्रिंगांखाली जुने पुशरॉड वाकतील म्हणून पुशरॉडही दिले. पुशरॉड नवे आणि रॉकर जुने हे काही बरं नाही म्हणून रॉकर. शेवटी व्हॉल्व्हही जळालेलेच असणार, असं त्यांनी इंजिन न बघताच सांगितलं आणि ते नेमके जळालेले निघाले.

"काका, एवढं करून ही चढवायची कुठं? सिंहगडावर?" हमीदभाईंनी विचारलं.

"हिंजवडीला," दिगंबरराव म्हणाले.

हमीदभाईंनी एकदा त्यांच्याकडं बघितलं आणि पिशवीत एक जादा गॅस्केट टाकलं.

इंजिनाचं हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असतात तो वरचा भाग, खोलून, वॉचमनच्या मदतीनं वर आणून, ते सोफ्यावर ठेवण्यात आलं. खाली पार्किंगमध्ये धूळ फार. (हे कारण त्यांनी स्वतःलाच दिलं. खरं म्हणजे घरात कोणीतरी असावं असं वाटत होतं.) आता व्हॉल्व्ह आठ. कुठला कुठं बसणार हा क्रम चुकून चालत नाही. दिगंबररावांनी मिसळणाचा डबा रिकामा केला, तर त्यात वाट्या निघाल्या सात. म्हणून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आपण होऊन बायकोला फोन लावला आणि त्या मापाची आणखी एक वाटी कुठं असते, असं विचारलं.

"मिसळणाच्या डब्याचं काय करताय?" सुहासिनीबाईंनी विचारलं.

"नीट लावतोय जरा."

मग बाई वेगळ्याच आवाजात बोलू लागल्या. वाटीवरून हळदीवर आल्या, हळदीवरून सांगलीच्या मावशीवर. बाळ उठलं, रडलं, पुन्हा निजलं, तरी फोन चालूच. दिगंबरराव हातात व्हॉल्व्ह धरून ऐकत राहिले. त्या दिवशी त्यांना खानावळीची भाजीसुद्धा बरी लागली.

माणसाला चटक लागायला तेवढं पुरतं. नवे व्हॉल्व्ह आपापल्या जागी पेस्ट लावून घासावे लागतात, आणि त्यासाठी रबर लावलेली दांडी दोन्ही तळहातांत धरून फिरवायची असते. दिगंबररावांनी लगेच फोन करून रवी कुठं आहे, असं विचारलं. ताक करताय का, असं बाईंनी विचारल्यावर ते म्हणाले, घुसळतोय. (यात खोटं एक अक्षर नव्हतं.) मग नव्या स्प्रिंगांचं ग्रीस धुऊन त्या निथळायला चाळणी लागली. मोठी चाळणी कशाला, याला उत्तर सुचेना, तेव्हा चकल्या, असं तोंडातून गेलं. चकलीवर बाई अर्धा तास बोलल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी इंजिन जुळवून त्यात नवं ऑइल भरत असतानाच फोन आला.

"तेल किती लागलं?"

"पाच लिटर," दिगंबरराव प्रामाणिकपणे म्हणाले.

"पाच लिटर? अहो, किती केल्यात?"

"सोसायटीत वाटतोय," ते घाम पुसत म्हणाले.

अशी ती पाककला वाढत गेली. बाईंनी ती शालूच्या सासूला सांगितली, सासूनं तिच्या भिशीत सांगितली. दिगंबरराव खूश होते. जीप सुरू झाली तेव्हा तर इंजिनातली टॅपेटची जुनी टकटक ऐकूही येईना. आता रविवारी हिंजवडी, असं ठरवून ते वर आले, तोवर फोन वाजला.

"आज अगदी मोकळं वाटतंय बघा," सुहासिनीबाई म्हणाल्या. "इतके दिवस जीव टांगणीला होता, की माझ्यावाचून तुमचं कसं चालेल. आता ताक काय, चकल्या काय. शालू म्हणते, बाळ पाळणाघरात जाईपर्यंत राहा. वर्षभराचा प्रश्न. मी हो म्हटलं."

दिगंबररावांनी पाणी मागितलं. द्यायला कोणी नव्हतं.

रविवारी त्यांनी जीप काढली. वारज्यापासून चांदणी चौकाचा चढ ती टॉप गिअरमध्ये अशी चढली, की एक ट्रकवालासुद्धा वळून बघत राहिला. एरवी त्यांनी हे चार जणांना सांगितलं असतं. आता मात्र त्यांचं तोंड कोरडं पडलं होतं.

शालूच्या घरी बाईंनी पहिल्यांदा त्यांचे हात बघितले आणि मग चकल्या कुठं आहेत ते विचारलं.

"त्या चकल्या नव्हत्या. स्प्रिंगा होत्या."

"आणि ताक?"

"व्हॉल्व्ह." मग ते एका दमात म्हणाले, "तू घरी चल. मला करमत नाही."

शालू बाळाला घेऊन आत गेली. सुहासिनीबाईंनी पुन्हा एकदा त्यांचे हात बघितले.

"मग इतके दिवस जेवलात काय?"

"डबा."

"बरा असतो?"

"नाही."

बाई उठल्या आणि त्यांनी कपाटावरची बॅग काढली. शालूनं जरा कुरकुर केली, तेव्हा त्या म्हणाल्या, "बाळाला सांभाळायला बाई मिळेल. यांना कोण ठेवून घेणार?"

दिगंबररावांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. बॅग उचलून ते दोन-दोन पायऱ्या उतरले. (लिफ्ट चालू होती.) जीपचं इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. बाईंनी ते ऐकलं, मान डोलावली, ताम्हिणीची अट पुरी झाली असं धरलं आणि वळसा घालून त्या डाव्या बाजूला बसायला गेल्या.

तिथं सीट नव्हती. व्हॉल्व्ह घासायला बैठक ठेंगणी हवी म्हणून ती वर हॉलमध्ये नेली होती, आणि काम झाल्यावर दिगंबरराव तिच्यात बसून टीव्ही बघत होते. मागचे बाक हमीदभाईंच्या सल्ल्यानं वजन कमी करायला काढलेले. ज्या जागेवर कोणी बसतच नव्हतं, तिथलं काही कमी आहे हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. उघड्या पत्र्यावर डब्यातला एक कांदा पडला होता.

सुहासिनीबाईंनी पत्र्याकडं बघितलं, मग नवऱ्याकडं.

"कुणाला न्यायला आला होतात?"

बाईंनी रिक्षा थांबवली, कर्वेनगर सांगितलं आणि तुम्ही मागून या, असं म्हणून त्या आत बसल्या. दिगंबरराव बॅग घेऊन रिक्षाकडं धावले, तर त्यांनी हात आडवा केला.

"ती तुमच्याकडंच राहू द्या," त्या म्हणाल्या. "तिला सीट लागत नाही."