पाऊल निघंल का?

सॉफ्टवेअर विकायला आलेल्या माणसासमोर मगदूम अण्णा आधी चहा ठेवत, आणि मग चहाशेजारी एक पाय ठेवत. प्लास्टरचा. डावा. घोट्यापासून खालचा, टॉवेलात गुंडाळलेला. पुण्याहून टाय लावून आलेला तरुण बशी हातात धरून तसाच थांबे. अण्णा टॉवेल उलगडत आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारत, "पावणं, तुमच्या सॉफ्टवेरात ह्ये पाऊल निघंल का?"

मी उद्यमनगरातल्या त्यांच्या वर्कशॉपमध्ये खरेदी आणि बिलं सांभाळायचे. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. आमच्याकडे दोन लेथ होते, एक ड्रिलिंग मशीन होतं, आणि अण्णांनी एका बंद पडलेल्या कारखान्यातून उचललेलं, कॉम्प्युटरच्या हुकमावर कोरकाम करणारं जुनं मिलिंग मशीन होतं. मशीन आलं, पण हुकूम देणार कोण? स्क्रीनवर चित्र काढायचं, हत्यार त्यावरून कसं फिरेल ते ठरवायचं, आणि ते मशीनला कळेल अशा भाषेत पाठवायचं. त्यासाठी सॉफ्टवेअर हवं, आणि तेव्हाची सॉफ्टवेअरं मोठ्या कारखान्यांच्या ऐपतीची. एकेकाच्या किमतीत आम्हाला दुसरं मशीन आलं असतं.

मला याद्या करायची सवय. मी फुलस्केप कागदावर रकाने आखले. किंमत, आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर चालतं का, आमच्या मशीनला त्याची भाषा कळते का, अडलं तर फोन उचलणारा माणूस आहे का. अण्णांनी कागद हातात घेतला आणि शेवटी एक रकाना स्वतः वाढवला: पाऊल.

बाकी अण्णा सॉफ्टवेअर म्हशीसारखं पारखायचे. "खातंय किती?" म्हणजे मेमरी किती लागते. "लाथा झाडतंय का?" म्हणजे चालता चालता मध्येच बंद पडतं का. "पुढल्या साली परत पैसं मागणार न्हाय न्हवं?" हे मात्र ते सरळ विचारायचे. उत्तर देताना भलेभले विक्रेते टायची गाठ सैल करायचे.

महिनाभर फुकट चालणाऱ्या सीड्या मिळायच्या. कॉम्प्युटरची तारीख मागे नेली की तो महिना संपतच नाही, असा शोध अण्णांनी लावला. त्यामुळे बाहेर दिवाळीचे कंदील लागले तरी आमच्या ऑफिसात जुलै चालू होता. बिलंही मी त्याच कॉम्प्युटरवर काढायचे. जयसिंगपूरच्या एका गिऱ्हाइकाला त्याने ऑर्डर देण्याच्या आधीच्या तारखेचं बिल गेलं. त्याचा फोन आला, "अण्णा, ज्योतिष बघायला कवा लागला?"

आता हे पाऊल कोणाचं, ते सांगते. अण्णांच्या थोरल्या बहिणीचं, त्यांच्या पायावरूनच ओतून घेतलेलं. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणायचो. लहानपणीच्या पोलिओने त्यांचं डावं पाऊल आखूड राहिलं होतं आणि आत वळलं होतं. आई लवकर गेल्यावर अण्णांना अक्कांनीच वाढवलं, पुढे अण्णांच्या मुलीलाही. या घरात कानडी आणि मराठी एकाच वाक्यात नांदायच्या. सगळ्या उद्यमनगराचे अण्णा असलेल्या या माणसाला अक्का मात्र 'तम्मा' म्हणायच्या, म्हणजे धाकटा भाऊ.

अक्कांच्या उजव्या पायात कोल्हापुरी चप्पल असे, आणि डाव्यात लहान मुलाचा कापडी बूट. कोणाच्याही उंबऱ्याबाहेर ती जोडी दिसली की आतल्या माणसाला कळायचं, अक्का आल्यात. लग्नाच्या मांडवाबाहेर तर येणारा-जाणारा त्या जोडीकडे एकदा बघून मगच आत जाई. एका लग्नात कुणाच्या तरी पोरांनी तो बूट उचलून चेंडूसारखा खेळायला घेतला. त्यानंतर अक्का लग्नाला जायच्या बंद झाल्या. "मी घर राखतो, तुमी जावा," एवढंच म्हणायच्या.

आणि वैशाखात अण्णांच्या मुलीचं लग्न होतं. तेव्हाही अक्कांनी घर राखायचं ठरवलं होतं.

अण्णांच्या डोक्यात एक चप्पल होती. बाहेरून उजवीची तंतोतंत जोडीदार, त्याच मापाची. तळ हलक्या लाकडाचा, आणि त्यात अक्कांचं पाऊल नेमकं बसेल असा खोलगट साचा. वरून चामडं चढवून द्यायला शिवाजी पेठेतले एक चप्पलवाले कबूल होते. अडलं होतं ते त्या साच्यावर. स्वस्त सॉफ्टवेअरांना चौकोन, गोल, भोकं जमायची. पायासारखी वळणं फक्त महागड्यांना जमायची.

शेजारच्या शेडमधल्या एकाने तसल्या महागड्या सॉफ्टवेअरची चोरून कॉपी केलेली सीडी आणून दिली. "घ्या अण्णा, कुणाला कळतंय?" अण्णांनी सीडीकडे बघितलं. आतापर्यंत तारीख मागे नेणारा हा माणूस. मला वाटलं, घेणार. "गिअर असता तर इचार केला असता," ते म्हणाले. "अक्काच्या पायाखाली चोरीचं घालायचं न्हाय."

फाल्गुनात कांबळे मॅडम आल्या. वारणानगरच्या कॉलेजातून नुकत्याच इंजिनिअर होऊन एका विक्रेत्याकडे लागलेल्या. पाय बघून त्या थबकल्या नाहीत की दचकल्या नाहीत; त्यांनी बशी खाली ठेवली. पाय हातात घेऊन फिरवून बघितला आणि विचारलं, "कुणाचा हाय?" इतक्या महिन्यांत हे कोणीच विचारलं नव्हतं. अण्णांनी सांगितलं. मॅडमनी आपली मोठी फाईल बंद केली.

"अण्णा, ह्यातलं महागडं घेऊ नका. आमच्या सायबांना सांगू नका म्हणजे झालं. साधं घ्या. त्याला वळण कळत न्हाय, पण सपाट थर कळतोय की. कळंब्याचा तलाव उन्हाळ्यात आटला की काठावर एकाखाली एक पाण्याच्या रेघा ऱ्हात्यात बघा. तसं कोरायचं, एकेक थर खाली जात. पायऱ्या ऱ्हातील, त्या पॉलिश पेपरनं घासून काढा."

अण्णा पहिल्यांदाच हळू बोलले. "व्हय की."

आम्ही तलावच केला. प्लास्टरच्या पावलाला ऑइल पेंट मारला, तळपाय वर करून घमेल्यात ठेवलं आणि निळीचं पाणी ओतलं. मी मापाने थोडं थोडं पाणी वाढवायचे, आणि अण्णा घमेल्यावरच्या काचेवर एक डोळा झाकून पाण्याची कड गिरवायचे. वीज मंडळाचा माणूस बिल द्यायला आला. घमेल्यातून वर आलेला पाय बघून तो बिल दारातच ठेवून गेला.

साधं सॉफ्टवेअर घेतलं. काचेवरच्या रेषा स्क्रीनवर उतरवल्या. मशीन दिवसभर भुसा उडवत राहिलं. संध्याकाळी लाकडातला साचा अण्णांनी हातात घेतला, त्यावरून बोट फिरवलं आणि प्लास्टरचं पाऊल आणून त्याच्याशेजारी ठेवलं. साचा उजव्या पायाचा झाला होता. तळपाय वर करून बघितलेल्या रेषा तशाच खाली कोरल्या, त्या उलट्या पडल्या. ज्या माणसाने जन्मभर साच्यांचीच कामं केली, त्याने ही चूक करावी? "बाई," ते मला म्हणाले, "गिऱ्हाइकाचं काम असतं तर मी चारदा तपासलं असतं. ह्यात माझी नजर ठरंना झालीया." मग त्यांनी स्क्रीनवर चित्र आरशासारखं फिरवलं आणि दुसरं लाकूड लावलं.

चप्पल तयार होऊन आली तेव्हा मी बिलांच्या निमित्ताने त्यांच्या घरी होते. अण्णांनी ती अक्कांच्या पुढ्यात ठेवली आणि स्वतः खिडकीशी जाऊन मोठमोठ्याने कोणालातरी फोन करू लागले. पलीकडे कोणी नव्हतं, हे मला कळत होतं. अक्कांनी पाय घातला. उभ्या राहिल्या. चार पावलं गेल्या, वळल्या. "सरी अद," म्हणाल्या. म्हणजे बरोबर आहे. अण्णांनी फोन ठेवला.

आता असली कामं पोरं मोबाईलवरच्या फुकट ॲपवर करतात म्हणे. बरं आहे. पण त्यांना कोणी पाऊल दाखवून विचारत असेल, असं वाटत नाही.

लग्न झालं. जेवणं उरकली, लोक निघाले. कार्यालयाच्या दाराशी चपलांचा ढीग पडला होता आणि त्यात अक्का वाकून शोधत होत्या. एक उचलत, उलटून बघत, ठेवत. सगळ्या सारख्याच दिसत होत्या. "तम्मा, माझी कुठली रं?" त्यांनी हाक मारली.

मला त्यांची जोडी समोर दिसत होती. मी पुढे झाले, तर अण्णांनी हात आडवा धरला. डोळे ओले होते, आवाज मात्र नेहमीसारखाच गल्लीभर.

"थांबा बाई. हुडकू दे तिला. लग्नात सगळ्यांच्याच चपला हरवत्यात की."