अंदाजानं जहाज बुडतं

आमचे शेजारी काशीनाथनाना रस्त्यात डबकं दिसलं की स्कूटर थांबवतात. डिकीतून शिशाचा गोळा बांधलेला दोर काढतात, पाण्यात सोडतात, खोली बघतात आणि मगच पुढं जातात. मागचे ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवून दमले, तरी नानांचं एकच, "अंदाजानं जहाज बुडतं बाबा."

आता मराठवाड्यातल्या आमच्या घनसावंगीत जहाज आणावं कुठून? पण नाना नेव्हीत होते. समुद्राचा तळ मोजून नकाशे काढणाऱ्या जहाजावर सगळी उमर गेली. त्यांच्या दोराला ठरावीक अंतरावर कुठं चामड्याचा तुकडा, कुठं लोकर, कुठं सुती चिंधी. अंधारात दिसलं नाही तरी पाणी किती खोल, ते हाताला कळावं. हे त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलंय, की आता मी झोपेतसुद्धा समुद्र मोजीन.

यंदा मात्र त्यांनी हद्दच केली. घरातल्या पलंगापासून न्हाणी, न्हाणीपासून तुळस, तिथून पार फाटकापर्यंत कमरेइतक्या उंचीवर नवा दोर बांधला. मी म्हटलं, चला, धुण्याची सोय झाली. टाकली आपली ओली चादर त्यावर. नाना तणतणत आले.

"काढ आधी ते. रस्ता हाय तो."

"दोराचा कसला रस्ता? डोकं फिरलं का नाना?"

तेवढ्यात शांताकाकू बाहेर आल्या, त्यांची बायको. काकूंची नजर पार गेली होती. एकदा अंगणात पडल्या, तेव्हापासून पलंग सोडत नव्हत्या. "देवा, आता एकदाचं उचल मला," म्हणायच्या. त्या आज दोर धरून चालत होत्या. चामडं हाताला लागलं. "न्हाणी." लोकर लागली. "तुळस."

मी गुपचूप चादर काढली. डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू.

"फाटकापर्यंत कशाला बांधला वो?" काकू म्हणाल्या. "मला कुठं जायचंय आता?"

नाना खाली बघत म्हणाले, "मी तिकडं दर्या मोजत बसलो. तू रोज फाटकात उभी राह्यची. लई एकटं ठेवलं तुला."

आता रोज दिवस कलला, की नाना फाटकाशी जाऊन उभे राहतात. काकू दोर धरून सावकाश येतात. शेवटच्या गाठीला नानांच्या जुन्या गणवेशाची पांढरी पट्टी बांधलीय. ती हाताला लागली, की काकू विचारतात, "आलात का?"

"कवाचा उभा हाय मी," नाना म्हणतात.