सुखदेवभाऊंचा रिकामा रकाना

सुखदेवभाऊंना फोनवर "साहेब आहेत का?" असं विचारायची सोय नव्हती. "पाहून सांगतो" म्हणत ते रिसीव्हर टेबलावर ठेवत आणि साहेबांना शोधत पार धानाच्या बांध्यांपर्यंत जात. परत येईतो समोरच्याने फोन ठेवलेला असे. "सरळ नाही म्हणून टाकायचं ना, भाऊ!" मी वैतागून म्हणे.

"काऊन म्हणू? नाई वेगळं, आन पाह्यलं नाई वेगळं."

त्यांच्या घरची म्हैस कशी आहे विचारलं, तरी उत्तर ठरलेलं. "सकाळी बरी होती. आता मले मालूम नाई."

कुरखेड्याच्या अलीकडे आमच्या संस्थेचं जुन्या धानवाणांचं बियाणं केंद्र होतं. पाकिटं सुखदेवभाऊ सांभाळत, कॉम्प्युटरवरच्या नोंदी मी. त्या वर्षी नवा प्रोग्राम आला. जुन्या तक्त्यातली उगवणीची टक्केवारी नव्यात घालायची, एवढंच काम. पण बटण दाबलं की कॉम्प्युटर थोडा घरघरे आणि अडून बसे. दोन दिवस डोकं खाजवल्यावर सापडलं: पाकीट क्रमांक २१४, लुचई वाणाचं. उगवणीचा रकाना रिकामा. नव्या प्रोग्रामला रिकामं चालत नव्हतं, आणि त्या एका पाकिटापायी सगळी यादी खोळंबली होती.

"शून्य टाका आणि मोकळ्या व्हा," साहेब म्हणाले. शून्य म्हणजे बियाणं मेलेलं, पाकीट उकिरड्यावर.

मी शून्य टाकणार, तोच सुखदेवभाऊंनी की-बोर्डच उचलून घेतला. "कोनी पाह्यलं, मॅडम?"

"तुम्ही का नाही पाहिलं? तपासायचं काम तुमचंच ना?"

त्यांनी की-बोर्ड परत टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "माह्या घरवालीच्या हातचं हाये. ती गेली त्या सालचं. शंभर दाने ओल्या फडक्यात ठेवाचे न् कोंब मोजाचे, एवढंच. चार साल झाले, धीर नाई झाला."

मला माझ्या चिडचिडीची लाज वाटली. साहेबांकडून आठवडा मागून घेतला. दाणे भाऊंनीच मोजले, दोनदा. फडकं उघडायच्या दिवशी मात्र ते दाराबाहेर पाठ करून उभे राहिले. "तुमी पाहा. जे असन ते लिहा."

बहुतेक दाणे काळवंडून पडले होते. एका कोपऱ्यात पांढरे कोंब दिसले.

"सात," मी म्हणाले.

माझ्यावर विश्वास ठेवतील तर ते सुखदेवभाऊ कसले! आत येऊन उकिडवे बसले आणि एकाही कोंबाला न शिवता पुन्हा मोजले. तेव्हा कुठे मी सात लिहिलं, बटण दाबलं, आणि यादी सुरळीत पुढे गेली. त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. टोपीने डोळे पुसून त्यांनी जेवणाचा डबा धुतला, त्यात बांधीतला चिखल भरला आणि एकेक कोंब हलक्या हाताने रोवला.

"आता हे बसमध्ये कसं नेणार?" मी विचारलं.

"मांडीवर घेतो," ते म्हणाले. "बहुत दिवसानं घरी कोनी येऊन राह्यलं."