परत केलेला बर्फ

"बर्फ काढण्यात काय एवढं? उद्यापासून ते काम माझं!"

हे वाक्य माझं आहे. जेवणाच्या टेबलावर, चार माणसांच्या देखत, घसा न खाकरता मी ते उच्चारलं. एरवी मला आमटी हवी असली तरी मी आधी मनात वाक्य जुळवतो, आणि तोवर आमटी संपते.  माझी बायको कुंदा हातातला घास तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली, जणू घरातलं कपाटच बोललं!

"बाबा, बाहेर उणे सात आहे," हृषिकेश म्हणाला. हा आमचा मुलगा, गाड्यांच्या गिअरबॉक्सचा इंजिनिअर.

"असू दे. मी सगळं वाचलंय."

"काय वाचलंय?"

"तुमच्या घराचा करार."

खरंच वाचला होता. एकोणतीस पानं, शब्दकोश मांडीवर घेऊन. मी सांगलीच्या एका कॉलेजात चौतीस वर्षं ग्रंथपाल होतो. छापलेला कागद दिसला की मला राहवत नाही. आम्ही दोघं तीन महिन्यांसाठी जर्मनीत, बॉबलिंगेनला मुलाकडे आलो होतो. पहिला महिना मी खिडकीशी बसून काढला. घरातले सगळे सतत कामात. मीच एक वहीत दाबून ठेवलेल्या पानासारखा.

या इमारतीत सहा बिऱ्हाडं आहेत आणि त्यांच्यात एक पाटी फिरते. लाकडाची, वहीएवढी, तिच्यावर 'केअरवोखे' असं कोरलेलं. म्हणजे झाडलोटीचा आठवडा. पाटी ज्याच्या दाराच्या मुठीला लटकते, त्याने आठवडाभर सकाळी सातच्या आत पायऱ्यांवरचा आणि समोरच्या फुटपाथवरचा बर्फ काढायचा, वर बारीक खडी पसरायची. कोणी घसरून पडलं तर जाब पाटीवाल्याने द्यायचा. रविवारी संध्याकाळी पाटी पुढच्या दारावर. ती आमच्या दारावर आली आणि त्याच दिवशी हृषिकेशची कंबर धरली. सून स्वरूपाला सहापासून ऑफिसचे कॉल. राहिलो मी.

"मीठ टाकलं की वितळतो म्हणे," कुंदा म्हणाली.

"मिठाला मनाई आहे. पान सतरा."

दुसऱ्या दिवशी पहाटे कुंदाने मला दोन पायजमे, तीन स्वेटर आणि हृषिकेशचा कोट असं एकावर एक चढवलं. आरशात पाहिलं तर प्रवासाला निघालेली वळकटी! पण बाहेर पडलो आणि तुम्हाला खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. रस्त्यावर चिटपाखरू नाही. कोणाला 'गुटन मॉर्गन' म्हणायला नको. फावडं सरकवलं की बर्फ बाजूला होतो आणि मागे काळा, स्वच्छ फुटपाथ उरतो. बुजऱ्या माणसासाठीच काढलेला हा धंदा असावा! आठवडाभर मी तो केला. नात वल्लरी नऊ वर्षांची आहे. तिला मराठी सगळं कळतं, उत्तरं मात्र जर्मनमध्ये देते. तिने अंगठा वर करून 'झुपर, आजोबा!' म्हटलं. मी ते डायरीत लिहून ठेवलं.

रविवारी पाटी पुढच्या दारावर लावायला गेलो. ते दार वरच्या मजल्यावरच्या फ्राऊ आयझेले यांचं. वय त्र्याऐंशी, एकट्या राहतात. काडीसारखी बारीक बाई, आणि पाठ पट्टीने आखल्यासारखी सरळ. पाटी मुठीला अडकवताना माझे हात थबकले. मी बहात्तर वर्षांचा धडधाकट माणूस वर पांघरुणात पडून राहणार, आणि ही म्हातारी खाली फावडं ओढणार? आपल्याला नाही बाबा बघवत!

मी ठरवलं. गुपचूप करायचं. कोणाला सांगायचंही नाही, कारण सांगायचं म्हणजे बोलावं लागतं.

सोमवारी बर्फ पडला. मी साडेपाचला खाली जाऊन काढला आणि परत येऊन पांघरुणात शिरलो. मंगळवारी पडला, काढला. बुधवारी पडला, काढला. त्याच दुपारी जिन्यात फ्राऊ आयझेले भेटल्या. मी धीर करून हसलो. त्या माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघून निघून गेल्या. 'आपलं हसणं चुकलं असेल,' असं मला वाटलं. माझं पुष्कळदा चुकतं.

गुरुवारी मी पुन्हा काढला. संध्याकाळी जिन्यात एक कागद लागला होता. सुरेख, तिरकं हस्ताक्षर. वल्लरीने तो वाचला आणि जेवताना स्वरूपाने सगळ्यांना मराठीत सांगितला.

"लिहिलंय की, 'एक्केचाळीस वर्षांत मी माझा एकही आठवडा चुकवलेला नाही. माझं काम जो कोणी चोरतो आहे, त्याने समोर यावं.' खाली सही, ए. आयझेले."

"चोरतो आहे?" मी विचारलं. 

"अहो बाबा, बिचारीचं फार वाईट झालंय. मला खाली कपडे धुवायच्या खोलीत त्या स्वतः म्हणाल्या. त्यांची मुलगी बॉनला असते. ती म्हणते, आई, आता तुला एकटीला झेपत नाही, माझ्या घराजवळच्या वृद्धाश्रमात चल. दोघींचं ठरलं होतं, या हिवाळ्यात आईने स्वतःचा बर्फ स्वतः काढून दाखवला तर ती इथेच राहील. शनिवारी दहाला मुलगी येणार आहे. आणि नेमका आत्ताच कोणीतरी रोज आधी जाऊन बर्फ काढतोय! त्यांना वाटतंय, इमारतीतलं कोणीतरी मुलीला सामील आहे. म्हातारीकडून काही होत नाही, हे दाखवायला."

"किती नीच माणूस असेल!" हृषिकेश म्हणाला.

"गेनाऊ!" वल्लरी म्हणाली. म्हणजे 'अगदी बरोबर!'

मी पाणी प्यायलो.

खोलीत आल्यावर कुंदाने दार लावलं आणि हीटरवरून एक मोजा उचलून माझ्या नाकासमोर धरला. "अहो, हा रोज ओला कसा?"

"हवाच दमट आहे."

"उणे सातमध्ये? मुकाट्याने उद्या जाऊन माफी मागा."

"कुठल्या भाषेत?"

शुक्रवारी बर्फ पडलाच नाही. दिवसभर बसून मी माफीचं पत्र लिहिलं. तीन मसुदे झाले. पण जर्मनमध्ये वाक्याचं क्रियापद शेवटी येतं, आणि शेवटापर्यंत पोचेतो माझा धीर सुटत होता. तिन्ही फाडले. रात्री खिडकीतून पाहिलं. आभाळ निरभ्र, फुटपाथ लख्ख. म्हणजे शनिवारी मुलगी येणार, तेव्हा आईला काढायला चमचाभरही बर्फ नसणार! दिसणार तो फक्त जिन्यातला तो कागद. बाईंचं घर जाणार, आणि ते मी घालवणार!

तेव्हा माझ्यातला ग्रंथपाल जागा झाला. दुसऱ्याचं नेलेलं परत करायचं, हे मी चौतीस वर्षं विद्यार्थ्यांना सांगत आलो. मी चार दिवसांचा बर्फ नेला होता. तो होता कुठे? फुटपाथच्या कडेला, कमरेइतक्या ढिगात. जशाच्या तसा!

शनिवारी पावणेसहाला मी फावडं घेऊन उतरलो आणि बर्फ परत करायला लागलो.

काम अवघड होतं. काढलेला बर्फ ताज्यासारखा दिसत नाही, त्याची ढेकळं होतात. मी ती फोडून, चाळून, हाताने सारखी पसरत होतो. कुंदा पोह्यांवर खोबरं भुरभुरवते तसं. निम्मा फुटपाथ सुरेख पांढरा झाला होता, तेवढ्यात मागून कुत्रा भुंकला.

तळमजल्यावरचे हेर राप, म्हणजे राप साहेब, कुत्र्याला फिरवायला निघाले होते. ते बघतच राहिले. मग त्यांनी काहीतरी विचारलं. माझं होतं नव्हतं ते सगळं जर्मन उडालं. वल्लरीच्या तोंडचा एकच शब्द आठवला.

"गेनाऊ," मी म्हणालो.

त्यांनी आणखी विचारलं.

"गेनाऊ."

त्यांचा आवाज चढला. माणूस चिडलाय, त्याच्याशी सहमत व्हावं, असा विचार करून मी जोरात म्हणालो, "गेनाऊ! गेनाऊ!"

नंतर स्वरूपाने मला उलगडून सांगितलं. त्यांनी विचारलं होतं, 'तुम्ही फुटपाथवर बर्फ टाकताय?' मग, 'मुद्दाम?' आणि शेवटी, 'लोकांनी घसरून हाडं मोडावीत म्हणून?'

दहा मिनिटांत सगळी इमारत जिन्यात! हृषिकेश कंबर धरून, स्वरूपा शनिवारीही कानात कॉल घेऊन, कुंदा शाल लपेटून, तिच्यामागे वल्लरी. वर कठड्यापाशी फ्राऊ आयझेले. कोट, टोपी, हातमोजे, पायात बूट, पहाटे सहाला जय्यत तयार.

"बाबा, हे काय चाललंय?"

मी वल्लरीचा हात धरला आणि बोलायला लागलो. आयुष्यात इतका बोललो नव्हतो. म्हणालो, चोर मीच आहे. वाईट हेतू नव्हता. आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला ओझं उचलू देत नाहीत. त्यात अपमान होईल हे मला कळलं नाही, पुस्तकात नव्हतं. तुमचं घर जाईल या विचाराने मला दोन रात्री झोप नाही. म्हणून तुमचा बर्फ परत आणून दिला आहे, थोडा फुटला आहे, त्याबद्दल क्षमा करा. पाचेक मिनिटं झाली असतील. माझे डोळे भरून आले.

वल्लरीने सगळं नीट ऐकून घेतलं, मग वर बघून जर्मनमध्ये चार शब्द बोलली.

"एवढंच?" कुंदा म्हणाली. "काय सांगितलंस गं?"

"आजोबांनी केलं, सॉरी म्हणतात, असं सांगितलं तिने," स्वरूपा म्हणाली.

फ्राऊ आयझेले हळूहळू खाली उतरल्या. माझ्यासमोर थांबल्या. मग जे बोलल्या ते स्वरूपाने भाषांतर करताना जरा चाचरतच सांगितलं.

"बाबा, त्या म्हणतात, मुलीने एखादी कंपनी लावली असेल असं त्यांना आधी वाटलं होतं. पण काम बघून संशय फिटला. इतकं वाईट काम कुठलीच कंपनी करणार नाही."

"वाईट?"

"कडा सोडलेल्या. कचऱ्याच्या डब्यांकडची वाट तशीच. खडी एका जागी ढीग. त्या रोज सव्वासहाला खाली येऊन सगळं पुन्हा करत होत्या."

हृषिकेशने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

बाईंनी माझ्या हातातलं फावडं मला वाटलं होतं त्याच्या दुप्पट जोराने ओढून घेतलं, मला बाहेर नेलं आणि कडेपासून कसं सुरू करायचं ते दाखवलं. मग फावडं परत दिलं. मी केलं. त्यांनी मान हलवली, नापसंतीची. मी पुन्हा केलं. साडेसातपर्यंत परत केलेला बर्फ परत काढून झाला, आणि तो त्यांना दोनदा पसंत पडला नाही. नऊला पायऱ्यांवर खडी पसरण्याचा धडा सुरू झाला. हेर राप खुर्ची आणून बघत बसले होते.

दहाला निळी गाडी येऊन थांबली. बॉनची मुलगी उतरली. तिला काय दिसलं? तिची आई हातात फावडं घेऊन, गाल लाल, खणखणीत आवाजात कोणाला तरी झापते आहे. आणि खालच्या पायरीवर एक म्हातारा, मफलर सुटलेला, धापा टाकत बसला आहे, त्याची बायको त्याला चहा पाजते आहे.

मुलगी गाडीचं दार तसंच उघडं टाकून पुढे आली. मग तिने आईला मिठी मारली. दोघी वर गेल्या. तासाभराने मुलगी खाली आली, जिन्यातला कागद काढून त्याची घडी केली आणि हसून स्वरूपाला म्हणाली, आई कुठेही जाणार नाही. मला हायसं वाटलं. कुंदाने तिला चहाचा आग्रह केला, मी तर चक्क हात जोडले.

निघताना तिने पर्समधून एक गुळगुळीत, रंगीत पुस्तिका काढली. माझ्याकडे एकदा काळजीने बघितलं आणि ती हृषिकेशच्या हातात दिली. हलक्या आवाजात काही बोलली. हृषिकेश एकदम लाल झाला.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"काही नाही, बाबा. वृद्धाश्रमाची माहिती आहे. म्हणते, आईसाठी आणली होती, पण तुमच्या वडिलांना जास्त गरज दिसते."

सगळे पोट धरून हसले, आणि ती पुस्तिका रद्दीत टाकली.

मी ती रात्री हळूच काढून घेतली. आता छापलेलं दिसलं की राहवत नाही, त्याला काय करणार! शब्दकोश घेऊन सात पानं झाली आहेत. तळमजल्यावर मोठं ग्रंथालय आहे, जेवण खोलीत आणून देतात, आणि बर्फ काढायला माणूस ठेवलेला आहे. कुंदाला अजून बोललेलो नाही.